नवख्याच्या अज्ञानावर कोण जगतं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारनं स्थलांतरितांचा आकडा खाली आणला. २०२५ साठी पाच लाख कायम रहिवासी घ्यायचं ठरलं होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आलं. पुढच्या दोन वर्षांसाठी त्याहून कमी. माणसं कमी येणार तर त्यांच्यावरचा खर्चही कमी, या हिशेबानं नवागतांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्थांच्या अनुदानालाही कात्री लागली आणि अनेक शहरांतले इंग्रजीचे मोफत वर्ग बंद पडले. त्यावर इथल्या मराठी मंडळींत जो वाद रंगला, तो दोन वाक्यांत सांगता येईल. एक बाजू म्हणाली, ‘बरं झालं, आमच्या टॅक्सच्या पैशांवर किती दिवस लाड करायचे?’ दुसरी म्हणाली, ‘बिचारे कुठे जातील? सरकारला काही माया-दया आहे की नाही?’ गंमत अशी की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत होतं. हे दान आहे हे दोघांनी धरूनच चाललं होतं. एकाला ते फार वाटत होतं, दुसऱ्याला अपुरं.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. नव्या देशात उतरलेल्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षं तिथले नियम माहीत नसतात. भाडेकरार, पगाराची चिठ्ठी, डॉक्टरकडे जायची रीत, पदवीची मान्यता, सगळंच अंधारात. आणि त्याच्या या माहीत नसण्यावर पोट भरणारा एक अख्खा बाजार असतो: एजंट, कन्सल्टंट, तळघर भाड्यानं देणारा, रोखीत पगार देणारा. सरकारी मदतीचा खरा उपयोग त्या बाजाराला टक्कर देण्याचा आहे. नवागताचं भलं होतं, ही त्यातली दुय्यम गोष्ट. तेव्हा विचारायचंच असेल तर ही टक्कर कितपत होते आणि कोणासाठी होतच नाही, हे विचारायला हवं. माझ्या मते या व्यवस्थेचा मोठा दोष सढळ हात हा नाही. जो सर्वांत जास्त नाडला जातो त्यालाच तिनं दाराबाहेर ठेवलंय, हा आहे.

आधी या सेवा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कारण तावातावानं बोलणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं. केंद्र सरकार वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम देशभरातल्या पाचशेच्या वर संस्थांना देतं. क्वेबेकचा कारभार १९९१ च्या करारानुसार वेगळा. या पैशातून इंग्रजी-फ्रेंचचे वर्ग चालतात (‘लिंक’ ही वर्गयोजना १९९२ पासूनची), नोकरी शोधायला मार्गदर्शन मिळतं, शाळांमध्ये नव्या कुटुंबांसाठी माणूस बसतो, फॉर्म भरायला मदत होते. पैसे कोणाच्या हातात पडत नाहीत. रोख आधार मिळतो तो प्रामुख्यानं सरकारनं स्वतः निवडून आणलेल्या निर्वासितांना, साधारण वर्षभर, आणि तोही प्रांतातल्या गरीब नागरिकाला मिळणाऱ्या भत्त्याच्या आसपास. ‘निर्वासिताला आपल्या पेन्शनरापेक्षा जास्त पैसे मिळतात’ हा मजकूर २००४ पासून या इनबॉक्समधून त्या इनबॉक्समध्ये फिरतोय. सरकारला स्वतःच्या संकेतस्थळावर खुलासा ठेवावा लागला, तरी तो काही मरत नाही. आणि आपल्यासारखे शिक्षण, वय, भाषा यांचे पॉइंट मोजून आलेले? नोकरीची ऑफर हातात नसेल तर एकट्या माणसालाही सुमारे १५ हजार डॉलर खात्यात दाखवल्याशिवाय बोलावणं येत नाही. त्याला इथे मिळतो तो एक वर्ग, एक सल्लागार आणि एक खुर्ची. याला लाड म्हणायचं असेल तर लाडाची व्याख्याच बदलायला हवी.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणारा मुद्दा: ‘आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी हात दिला होता? आम्ही आमच्या हिमतीवर उभे राहिलो.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. १९६७ मध्ये पॉइंट पद्धत आल्यानंतर जे डॉक्टर, इंजिनिअर इथे आले, त्यांनी खरोखर खस्ता खाल्ल्या. घराजवळ देशी किराणा नाही, घरी फोन करायचा तर आठवड्याचं बजेट कोलमडायचं, उणे वीस तापमानात बसची वाट बघायची. ती पिढी अभिमान बाळगते तो फुकटचा नाही. पण त्या अभिमानातून ‘पूर्वी कोणालाच मदत नव्हती’ असा जो निष्कर्ष निघतो, तो इतिहासाच्या कसोटीवर एक मिनिटही टिकत नाही.

१८७२ च्या जमीन कायद्यानं पश्चिमेकडे येणाऱ्या वसाहतवाल्याला दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळत होती. (ती मुळात कोणाची होती, हा प्रश्न वेगळा आणि फार मोठा.) विनिपेगला उतरलेल्या युरोपियन कुटुंबांसाठी सरकारी इमिग्रेशन हॉल होता. तिथे फुकट राहता येई, चूल होती, जमिनीची माहिती द्यायला अधिकारी होते. म्हणजे ज्याला आज ‘सेटलमेंट सर्व्हिस’ म्हणतात, ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राजरोस चालत होती, आणि तिला कोणी खैरात म्हणत नव्हतं. त्याच काळात चिनी माणसाला देशात पाऊल ठेवायला १८८५ पासून ५० डॉलर आणि १९०३ पासून ५०० डॉलर डोईपट्टी भरावी लागे. १९०८ नंतर हिंदुस्थानी माणसाला खिशात २०० डॉलर दाखवावे लागत, आणि मायदेशाहून वाटेत न थांबता आलेल्या प्रवासानंच उतरता येई, जो तेव्हा जवळजवळ अशक्य होता. सरकारनं मदत करायची की नाही, हा प्रश्न या देशात कधीच नव्हता. कोणाला करायची, एवढाच होता. मग आपल्याला मदत मिळू लागल्यावरच ती अनैतिक कशी ठरली?

यावर विचारी माणूस एक जास्त गंभीर आक्षेप घेतो. तो म्हणतो, सरकारनं नाही केलं तेव्हा समाजानं केलं, आणि सरकारपेक्षा चांगलं केलं. हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. व्हँकुव्हरमध्ये १९०६ साली खालसा दिवाण सोसायटी स्थापन झाली, १९०८ मध्ये तिचा गुरुद्वारा उभा राहिला. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या शिखांसाठी तो गुरुद्वारा म्हणजे जेवण, झोपायला जागा, पत्र लिहून देणारा माणूस आणि कोर्टकचेरीचा आधार असं सगळंच होतं. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदुस्थानी प्रवासी घेऊन बंदरात आलं आणि प्रवाशांना उतरू न दिल्यानं दोन महिने अडकून पडलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या समितीनं वर्गणी काढून जहाजाच्या भाड्याचे पैसे भरले, वकील दिला. टोरांटोत मार्च १९६० मध्ये डॉन नदीखालच्या पाणपुरवठ्याच्या बोगद्यात आग लागून पाच इटालियन मजूर मेले. सुरक्षेची साधनं नव्हती, आणि हे आपण मागू शकतो हे त्यांच्यासारख्या हजारोंना ठाऊक नव्हतं. त्या काळच्या इटालियन मंडळींनीच १९६२ साली ‘कोस्टी’ ही संस्था काढली. गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांना इथलं लायसन्स मिळावं म्हणून ती वर्ग घ्यायची. आज टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात ज्या मोठ्या संस्था सरकारी अनुदानावर या सेवा देतात, त्यांत कोस्टी आहे. म्हणजे समाज विरुद्ध सरकार अशी ही कुस्ती नाहीच. सरकारनं बहुतेक वेळा समाजानं रुळवलेल्या वाटेवर डांबर टाकलंय.

पण फक्त समाजावर सोपवलं की काय होतं, हे मराठी माणसाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. आपल्याकडे मुंबईचं गिरणगाव आहे. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गावकऱ्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायचा, खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचा, गावाला मनिऑर्डर करायचा. गोव्याच्या खलाशांसाठी धोबीतलाव-गिरगावात गावागावांची ‘कूड’ होती. जहाज लागेपर्यंत तिथे राहायचं, तिथेच नव्या बोटीची खबर कळायची. फार मोलाची व्यवस्था. पण ती तुमचं गाव, तुमची जात, तुमची ओळख पाहूनच दार उघडायची. आणि गिरणीत काम? ते जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या हातात. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय हजेरीपटावर नाव चढत नसे, अनेकदा तोच व्याजानं पैसेही द्यायचा. विणकाम खात्यात पगार चांगला, पण धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे सवर्ण कामगारच घेऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. गाववाल्यांचं जाळं ज्याला धरतं त्याला घट्ट धरतं. ज्याला सोडतं, त्याला पार जॉबरच्या हवाली करतं. आज टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये जॉबरची भाषा बदलली, कार्डावर ‘इमिग्रेशन एक्सपर्ट’ आलं, पण दस्तुरी तीच. २०२४ अखेरीस सरकारनं ‘एक्सप्रेस एंट्री’त, म्हणजे पॉइंट मोजून कायम रहिवासी निवडण्याच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण काढून टाकायचं ठरवलं, ते याचमुळे. अशा ऑफरला आधार देणारी सरकारी मंजुरीची कागदपत्रं उघडपणे हजारो डॉलरला विकली जात होती.

१९७२ ची युगांडाची गोष्टही इथे आठवते, कारण ती दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं सांगतात. तिथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांत गुजराती बहुसंख्य, पण गोवेकरही बरेच. कॅनडानं मॉन्ट्रियलच्या लॉन्ग-पॉइंट लष्करी तळावर त्यांच्या स्वागताची व्यवस्था केली आणि सात हजारांच्या आसपास लोक घेतले. ब्रिटनमध्ये २७-२८ हजार गेले. तिकडे लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्या शहरात येऊ नका. ते आले, आणि त्याच लेस्टरची पुढे भरभराट झाली. ‘बघा,’ असं मदतीचे विरोधक म्हणतात, ‘जिथे हाकललं तिथेही ते उभे राहिले. मग मदत कशाला?’ मुद्दा वजनदार आहे. ही माणसं व्यापारात मुरलेली होती, इंग्रजी बोलत होती, कुटुंबासकट आली होती. ती कुठेही उभी राहिली असती. पण उभं राहण्याची किंमत काय पडली, हे कोण विचारतं? मे १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, त्यांत युगांडातून आलेलेही होते. त्यांचं म्हणणं असं की करारानुसार १६८ यंत्रांनंतर बोनस मिळायला हवा होता, पण त्यांना मात्र आकडा २०० सांगण्यात आला होता. युनियननंही पाठीशी उभं राहायचं नाकारलं. १६८ आणि २०० यांच्यामधली बत्तीस यंत्रं म्हणजे नवख्याच्या अज्ञानाची रोकड किंमत. ती कोणाच्या खिशात गेली, हे वेगळं सांगायला नको.

अशी बत्तीस यंत्रं मला दर मार्च-एप्रिलमध्ये दिसतात. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देण्याची स्वयंसेवकांची एक योजना इथे चालते. शनिवारी लायब्ररीच्या एका खोलीत आम्ही चार-पाच जण लॅपटॉप घेऊन बसतो. गेल्या खेपेला अमरावतीकडचा एक मुलगा आला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद तारीखवार लावलेले. असं नीट काम पाहिलं की मला उगाच बरं वाटतं. भाड्यापोटी प्रांताकडून थोडे पैसे परत मिळतात, त्यासाठी वर्षभराचं भाडं किती भरलं ते लिहायचं असतं. मी पावत्या मागितल्या. तो म्हणाला, ‘काकू, पावती नाही देत ते. एकदा मागितली तर म्हणाले, पावती पाहिजे असेल तर दुसरी खोली बघ.’ मग कळलं की तळघरात चार मुलं, आणि आत शिरतानाच प्रत्येकाकडून सहा महिन्यांचं भाडं रोखीत घेतलेलं. ओंटारिओत घरमालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि भाडेकरूनं मागितली तर पावती फुकट द्यावी लागते, हे त्याला मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. राग नव्हता त्यात. आपण दीड वर्ष येडे बनलो, याची लाज होती. घरमालक कोण? आपल्यापैकीच एक, आणि सणासुदीला मोठी देणगी देणारा.

मी त्याला जवळच्या सेटलमेंट संस्थेत पाठवलं. तिथल्या बाईंनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, एक माहितीपत्रक दिलं आणि हळहळून सांगितलं की तुझ्या नावानं फाइल उघडता येणार नाही, तू स्टडी परमिटवर आहेस. नियम तसाच आहे. केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या सेवा कायम रहिवाशांना आणि मान्यता मिळालेल्या निर्वासितांना. विद्यार्थी, तात्पुरत्या परवान्यावरचे कामगार, आश्रयाचा अर्ज केलेले लोक, सगळे बाहेर. नागरिकत्व घेतलेलाही बाहेर. आता आकडा बघा: २०२३ च्या अखेरीस या देशात दहा लाखांहून जास्त स्टडी परमिटधारक होते. स्थानिक मुलांच्या कितीतरी पट फी ते भरत होते, आणि त्या फीवर कॉलेजांच्या इमारती उभ्या राहत होत्या. पगारातून त्यांचा टॅक्स कापला जातो, बेकारी विम्याचा हप्ता कापला जातो. घेताना ते पुरेपूर आपले. पण ‘पगाराची चिठ्ठी न देणाऱ्या मालकाचं काय करू?’ असं विचारायला गेले की ते परके.

इथे कोणीतरी त्या व्हिडिओचा विषय काढणार, हे मला माहीत आहे. २०२४ मध्ये एका भारतीय तरुणानं फूड बँकेतून किराणा फुकट कसा मिळवायचा ते अभिमानानं दाखवलं आणि देशभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. बऱ्या पगाराच्या माणसानं गरजूंच्या रांगेत उभं राहणं ही निलाजरेपणाची हद्द आहे, आणि त्यानंतर काही फूड बँकांनी परदेशी विद्यार्थ्यांना दार बंद केलं त्याची किंमत खऱ्या उपाशी पोरांनी मोजली. पण फूड बँक ही देणग्यांवर चालते, तिचा या सेवांशी काही संबंध नाही. एका निलाजऱ्याचा व्हिडिओ पाहून इंग्रजीचा वर्ग बंद करा म्हणणं, हा कुठला न्याय? शिवाय सरकारनं जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्यानं आणायच्या रकमेची अट दहा हजारांवरून २०,६३५ डॉलरवर नेली, म्हणजे आधीची रक्कम पुरत नव्हती हे सरकारनंच कबूल केलं. वीस वर्षं त्या जुन्या आकड्यावर एजंट गावोगाव स्वप्नं विकत होते.

घरं आणि डॉक्टर यांचा मुद्दा याहून खरा आहे, आणि तो मांडणाऱ्याला वर्णद्वेषी म्हणून गप्प करणं मला पटत नाही. माणसं वाढली त्या वेगानं घरं वाढली नाहीत. सुमारे ६० लाख प्रौढांना फॅमिली डॉक्टर नाही. एवढी गर्दी झेपत नाही असं म्हणणं हा हक्क आहे, आणि आकडा कमी करणं हे सरकारचं कामच आहे. पण किती जणांना बोलवायचं हा एक निर्णय झाला, आणि बोलावलेल्यांचं काय करायचं हा दुसरा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला की नुकसान दुप्पट होतं. वर्ग बंद केल्यानं एकही घर बांधून होत नाही. उलट परदेशात शिकलेली नर्स परीक्षेचा अर्ज कसा भरायचा ते न कळल्यामुळे तीन वर्षं गोदामात खोकी भरत बसली, तर डॉक्टर-नर्सच्या तुटवड्यात तिनं भर घातली की आपण? ओंटारिओच्या इंजिनिअरांच्या परवाना मंडळानं मे २०२३ मध्ये ‘कॅनडातला अनुभव’ ही अट काढली. १ जानेवारी २०२६ पासून प्रांतात पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत तशी अट घालायला कायद्यानंच बंदी आहे. उत्तम. पण ज्या माणसासाठी हा कायदा केला, त्याला तो कळवणार कोण? राजपत्र?

एका टीकेपुढे मात्र मी हात टेकते: या सेवांचा दर्जा अनेक ठिकाणी सुमार आहे. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला बायोडेटा कसा लिहावा याच्या तीन-तीन कार्यशाळांना बसवतात, आणि शेवटी सांगतात की पीएचडी खोडून टाका, मालक घाबरतात. किती जण आले त्याची नोंद काटेकोर. त्यांतल्या कितींना त्यांच्या विद्येचं काम मिळालं, ते विचारायला गेलं तर धड उत्तर नाही. इथे ओरड व्हायलाच हवी, आणि ती आपणच करायला हवी, कारण वर्गातल्या खुर्चीवर आपली माणसं बसतात. पण वाईट सेवेवर उपाय म्हणून सेवा बंद करा असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल असं तुम्हाला वाटतं? २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघडकीला आलं. पंजाबातली शेकडो मुलं, वर्षानुवर्षं इथे राहून शिकलेली, हद्दपारीच्या दारात उभी. त्यांचा एजंट कॅनडात तीन वर्षांची शिक्षा भोगायला गेला, पण तोवर त्यांच्या आईबापांच्या जमिनी गहाण पडल्या होत्या. त्यांनाही ‘मार्गदर्शन’ मिळालंच होतं की.

उरला शेवटचा आक्षेप: ते तात्पुरते आहेत, उद्या परत जातील, त्यांच्यावर कशाला खर्च? १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीनं इटलीतून आणि १९६१ पासून तुर्कस्तानातून मजूर आणायला सुरुवात केली तेव्हा हेच म्हटलं होतं. पाहुणे कामगार, कंत्राट संपलं की परत. त्यांना भाषा शिकवायची गरज वाटली नाही. लाखो राहिले, त्यांची मुलं तिथेच जन्मली, आणि सरकारी खर्चानं भाषेचे आणि देशाची ओळख करून देणारे अभ्यासक्रम देशभर रीतसर सुरू व्हायला २००५ उजाडलं. आज त्यात सहाशे तास भाषेला आणि शंभर तास कायदा-समाजाला असतात. पन्नास वर्षं उशिरा आलेलं हे शहाणपण. आणि योगायोग असा की २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्याच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला आणि आपल्या पोरांना जर्मन शिकवून तिथे कामाला पाठवायचं ठरवलं. पुढारी भाषेच्या वर्गांबद्दल बोलतात, ते चांगलंच आहे. पण करारपत्रातलं कलम वाचायला, पगारातली कपात ओळखायला, मालक अडवू लागला तर कोणत्या दारावर थाप मारायची ते सांगायला तिथे कोणी असेल का, हे नगर-लातूरच्या आईबापांनी आत्ताच विचारून घ्यावं.

इथेही वाट अगदीच बंद नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांत स्वतःच्या तिजोरीतून अशा सेवा चालवतो, आणि त्यांत विद्यार्थी, तात्पुरते कामगार, आश्रयार्थी सगळे बसतात. आकाश काही कोसळलेलं नाही. ओंटारिओनंही आपलं दार तेवढं पुरतं उघडावं, एवढीच मागणी आहे. आणि ती तीस वर्षांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या माणसानं तर आधी करावी, त्याच्या स्वतःच्या स्वार्थासाठी. ट्रकचा धंदा बघा. नव्या ड्रायव्हरला सांगतात, तू स्वतःच्या नावानं कंपनी काढ, आम्ही कंपनीला पैसे देऊ. सही केली की रजेचा पगार गेला, ओव्हरटाइम गेला, बेकारी विमा गेला, अपघात झाला तर भरपाईही गेली. ‘ड्रायव्हर इंक’ म्हणतात याला. केंद्राच्या कामगार कायद्यात २०२१ पासून नोकराला असं खोटं कंत्राटदार दाखवायला मनाई आहे, तरी ते चालतं, कारण सही करणाऱ्याला कायदा माहीत नसतो. त्यामुळे त्या मालकाचा खर्च कमी, म्हणून त्याचा दर कमी. आणि जो जुना पंजाबी किंवा मराठी ट्रकमालक ड्रायव्हरला रीतसर नोकरीवर ठेवतो, सगळे हप्ते भरतो, तो टेंडर हरतो. हरलेल्यांतलेच काही जण मग जेवणाच्या टेबलावर म्हणतात की या नवीन आलेल्या पोरांनी बाजार खराब केला.